मोजणीत आलेला तिसरा

आधीच सांगते, असले अनुभव वाचणाऱ्यांतली मी नाही. ऑफिसातल्या बायका डबा खाताना कुणाचा तरी किस्सा वाचून दाखवायला लागल्या की मी बाटली भरायला उठायचे. आता स्वतःच लिहायला बसलेय, आणि कुठून सुरू करावं ते कळत नाहीये... तर सरळ क्रमानेच सांगते.

आम्ही कासारवाडीत राहतो. मी एका शाळेच्या ऑफिसात आहे, माझे मिस्टर चाकणच्या एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर. इकडच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, शाळेला रविवारी. त्यामुळे आमची सुट्टी एकत्र यायची ती सणावारी, आणि सणावारी घर पाहुण्यांनी भरलेलं. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा लक्षात आलं, आपण दोघंच असे कुठे गेलेलोच नाही. मी रजा टाकली. तंबू ऑनलाइन मागवला. सामानाची यादी अर्थात माझी.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये तंबू उभा करून बघितला. वरच्या मजल्यावरचे शेजारी कठड्यावर रेलून म्हणाले, "काय भाऊ, वहिनींनी घराबाहेर काढलं का?"

"घराबाहेर न्हेतीये राव," हे म्हणाले. "बघवत नाही का तुम्हाला?"

जागा होती भामा आसखेडच्या बॅकवॉटरला, ओळखीतल्यांच्या शेतात, रीतसर विचारून. थंडी सरत आलेली. खाली पाणी, मागे उतार, उताराच्या वर पलीकडच्या गावाला जाणारा अरुंद रस्ता. पार्किंगमध्ये झटक्यात उभा राहिलेला तंबू तिथे वाऱ्याने तीनदा झोपला. शेवटी कळलं, दार वाऱ्याच्या तोंडाला ठेवलं होतं. नवशिके ते नवशिकेच. पण दोघं मिळून इतकं हसलो... किती दिवसांनी, आठवत नाही.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. हे कंपनीत फायर मार्शलही आहेत. मॉक ड्रिलचा भोंगा झाला की सगळे बाहेर मैदानात जमतात, एकेकाने आपला नंबर मोठ्याने सांगायचा, आणि मोजणी जुळल्याशिवाय कुणीही परत आत जायचं नाही. हा नियम यांच्या इतका अंगात मुरलाय की लग्नाच्या बसमध्येसुद्धा वऱ्हाडाची मोजणी हेच करतात.

सूर्य डोंगराआड गेला होता, पण उजेड होता. मी खिचडीची तयारी घ्यायला तंबूत शिरणार, तर हे म्हणाले, "थांब. आधी हजेरी."

"अहो, दोघांची कसली हजेरी?"

"नियम म्हणजे नियम. एक."

मी हसतच म्हणाले, "दोन."

"तीन."

मागून. उताराच्या बाजूने. ओरडून नाही, घाबरून नाही. रांगेत उभं राहून आपला नंबर सांगावा तसं, स्वच्छ.

आम्ही वळून बघितलं. गवत आणि दगड. "कोण आहे?" म्हणून यांनी दोन-तीनदा विचारलं. उत्तर नाही. मला वाटलं, शेतातलं कुणीतरी गंमत करतंय. पण लपायला तिथे झाडसुद्धा नव्हतं.

"आवरा," मी म्हणाले. "गाडीत बसू, घरी जाऊ."

हे जागचे हलले नाहीत. "ड्रिलला एक कमी भरला की शोधायचा असतो," ते हळू म्हणाले. "एक जास्त भरलाय म्हणजे... कुणीतरी आहे, सुनीता. त्याला सोडून कसं जायचं?"

"आपण दोघंच आहोत."

"मग परत म्हण." आणि त्यांनी पुन्हा मोजलं. "एक."

मला म्हणायचं नव्हतं. पण म्हणाले. "दोन."

"तीन." या वेळी अजून वरून, रस्त्याच्या जवळून.

हे चालायला लागले. मी टॉर्च घेऊन मागे. एकटी मागे थांबण्याची हिंमत नव्हती, एवढंच.

रस्त्याखालच्या मोरीपाशी चरात मोटरसायकल आडवी पडली होती. पलीकडे एक माणूस. चाळिशीचा असेल. अंगात कंपनीचा युनिफॉर्म, जबडा एका बाजूला सरकलेला, रक्त सुकलेलं. वरच्या रस्त्यावरून तो दिसणं शक्य नव्हतं. तो जिवंत होता... श्वास चालू होता, तुटक.

मग आम्ही दोघंही कामाला लागलो. यांनी त्याला हलवलं नाही, फक्त मान आधाराने धरून ठेवली. मी १०८ला फोन लावला आणि रस्त्यावर उभी राहून टॉर्च हलवत राहिले. पलीकडच्या वस्तीवरच्या एक मावशी शेळ्या घेऊन येत होत्या, त्या थांबल्या. मी त्यांना विचारलं, आत्ता इथे कुणी बाई होती का?

"न्हाई गं बया. हितं या वक्ताला कोन येतंय? वस्ती पार तिकडल्या अंगाला हाय." मग चरात वाकून बघत म्हणाल्या, "ह्यो तर आमच्याकडं भाड्यानं ऱ्हातोय. लातूरकडचा हाय. अजून कसा आला न्हाई, म्हनत हुतो आमी."

तो वाचला. डॉक्टर म्हणाले, रात्रभर तिथेच राहिला असता तर हाती लागला नसता. मी विचारलं, याने हाक मारली असेल का? ते म्हणाले, हा दुपारपासून बेशुद्ध असावा, आणि शुद्धीत असता तरी या जबड्याने शब्द निघाला नसता.

पोलिसांना जबाबात आम्ही सांगितलं, विव्हळल्याचा आवाज आला. दुसरं काय सांगणार?

त्याची बायको गावाहून आली तेव्हा भेटायला गेलो. तिने माझे हात घट्ट धरले. "ताई, तुमास्नी कसं कळलं ओ?" ती बोलत असताना मी फक्त तिचा आवाज ऐकत होते. खरं सांगायचं तर त्यासाठीच गेले होते.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "तो आवाज हिचा नव्हता."

हे थांबले. "हिचा कसा असेल?"

"म्हणजे?"

"पुरुषाचा होता ना. म्हातारा, खर्जातला."

मी बाईचा आवाज ऐकला होता. तरुण बाईचा. दोन्ही वेळेला. इतके दिवस आम्ही त्यावर बोललोच नव्हतो, कारण दोघांनीही तेच ऐकलंय असं धरून चाललो होतो. हॉस्पिटलच्या दारात आम्ही एकमेकांकडे बघत उभे राहिलो. माणसं बाजूने जात होती.

मी सगळे हिशोब लावून बघितले. वारा, पाण्यावरून येणारा आवाज, मनाचे खेळ. एकेक खोडून टाकला. उरलं ते मला ठेवायला जागा नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असली तर सांगा.

नंतर एका गुरुवारी आम्ही परत गेलो, त्याच शेतात. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, वेड लागलंय का तुम्हाला?" मलाही कारण सांगता आलं नाही. तंबू पहिल्या झटक्यात उभा राहिला. हे म्हणाले, "एक." मी म्हणाले, "दोन."

मग आम्ही दोघंही गप्प उभे राहिलो. काही आलं नाही. पाणी तेवढं वाजत होतं.

तरी आम्ही लगेच आत गेलो नाही.