आप्पांनी विचारलेले सूर्योदय

माझे डोळे जाणार हे मला डॉक्टरच्या आधी सिग्नलने सांगितलं. दौंडच्या यार्डात इंजिन घेऊन शिरताना एका लाल दिव्याचे दोन दिसू लागले, मग दिव्याभोवती धुरकट कडं आलं, आणि एके दिवशी भट्टीत कोळसा टाकणारा माझा फायरमन माझ्याआधी सिग्नल वाचून मला सांगू लागला. इंजिनं कोळशावर धावत होती तेव्हाची ही गोष्ट. सारी नोकरी भट्टीच्या तोंडाशी गेलेली, त्यामुळे मोतीबिंदू वयाच्या आधीच पिकला असं डॉक्टर म्हणाले. मला इंजिनावरून उतरवून शेडमध्ये बसवलं. मी तसा तापट माणूस. त्या दिवसांत घरात कोणी माझ्या वाऱ्याला उभं राहत नसे.

मला व्यसन नव्हतं, पण एक वेड होतं, आणि ते सूर्योदयाचं. रेल्वेचा वर्षाचा फुकट पास हाती आला की बाकीचे लोक लग्नाकार्याला जायचे. मी मात्र सूर्य चांगला उगवतो अशा ठिकाणी मनोरमेला, माझ्या बायकोला, घेऊन जायचो. पुरी पाहिली, काशीचे घाट पाहिले, दार्जिलिंगच्या थंडीत कुडकुडलो. कन्याकुमारीला तर दोनदा गेलो. मेहुणा चिडवायचा, "का हो, दौंडला उगवत नाही वाटतं?" अशा माणसाचे देवाने नेमके डोळेच का मागावेत, हे मला कळेना. पाय मागितले असते तर मी इतका चिडलो नसतो.

शिरूरला आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरायचं. मनोरमेने तिथे माझं नाव घातलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पाळकसाहेब खाटेशी आले आणि प्रार्थना करू का म्हणाले. मी म्हटलं, "करा की, तुमचे डोळे चांगले आहेत." ते बिचारे डोकं झुकवून पुटपुटले आणि गेले. मनोरमा रात्रभर माझ्याशी बोलली नाही.

ऑपरेशन एका डोळ्याचं, पण पट्टी दोन्ही डोळ्यांवर. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, कुशीवर वळायचं नाही, खोकायचं नाही, मान उचलायची नाही. टाका हलला की डोळा गेला. शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात आम्ही असे ओळीने पडलेलो. माझ्या डाव्या बाजूला खाली जमिनीवर कोणीतरी होतं. पहाटे तिकडून शांत आवाज आला, "आला बघा."

"कोण आला?" मी विचारलं.

"सूर्य. दुसरं कोण येणार येवढ्या येळंला?"

तो राहू गावचा एक म्हातारा शेतकरी होता. सगळे आप्पा म्हणतात म्हणाला. पट्टी बांधलेल्या माणसाला सूर्य कसा कळला, असं मी विचारलं. "कपाळाला कळतंय," तो म्हणाला, "आधी कपाळाला ऊब लागती, मग नाकाला. हनुवटीला लागली की समजायचं, चांगला कासराभर वर आला." मला हसू आलं, पण हसणंही मना होतं.

संकट आलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. मनोरमा पेज आणायला गेली होती. छातीत वर्षानुवर्षं साचलेला कोळसा चाळवला आणि खोकला दाटून आला. मी तो गिळला, पुन्हा आला, पुन्हा गिळला. पाठ भरून आलेली, पट्टीखाली काहीतरी टोचत होतं. आणि एकाएकी मनाने घेतलं की ऑपरेशन साधलेलंच नाही, हा अंधार आता कायमचा, आणि सगळे मिळून माझ्यापासून ते लपवताहेत. पट्टी काढून एकदाचं बघून घ्यावं, जे असेल ते असेल. मनात म्हटलं, प्रभू, तू आहेस की नाहीस ते आत्ता सांग, नंतर नको. ती प्रार्थना नव्हती, भांडण होतं. हात पट्टीकडे गेला.

तोच माझं मनगट कोणीतरी धरलं. खरखरीत, घट्ट हात. आणि कानाशी तोच शांत आवाज, "डायवरसाहेब, त्या कन्याकुमारीला सूर्य पाण्यातनं निघतो म्हणं. मंग भिजल्यावानी दिसतो का वो?"

पहिल्या दिवशी पलीकडच्या खाटेवाल्यापाशी मी माझ्या प्रवासांची फुशारकी मारली होती, ती त्याने ऐकली असावी. असा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी आठवू लागलो. म्हणालो, "भिजल्यासारखाच दिसतो आप्पा. खालची कड पाण्याला चिकटून राहते, सुटता सुटत नाही." सांगता सांगता श्वास खाली बसला. हात पट्टीवरून केव्हा निघाला ते कळलं नाही. त्याने मात्र मनगट सोडलं नाही.

मग ते रोजचंच झालं. मी चुळबुळ करू लागलो की खालून प्रश्न यायचा. पुरीला कोळी लोक आधी होड्या लोटतात का आधी हात जोडतात? दार्जिलिंगला बर्फ असताना ऊन लागतं कसं? मी सांगायचो की तिथे सूर्य दिसायच्या आधीच समोरचा डोंगर शेंड्याकडून लाल होत खाली येतो, आणि पाहणारे गप्प होतात. "आन् परदेशात?" त्याने एकदा विचारलं. मी कबूल केलं की जपानचा एक डोंगर फक्त कॅलेंडरवर पाहिलाय. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "चित्रातला बी चालंल." या शिबिराआधी तो स्वतः यवतच्या बाजारापलीकडे गेला नव्हता. त्याचा सूर्य नदीपल्याडच्या ज्वारीतून यायचा, एवढंच त्याने सांगितलं.

पट्टी सुटली ती सकाळी. आधी नुसता उजेड आला, दुधासारखा. मग त्यात एक हिरवं हललं, ते मनोरमेचं लुगडं होतं. डॉक्टरांनी बोटं धरली, मी मोजली. मला रडू आवरेना, आणि ते मला म्हणू लागले, रडायचं नाही. मी डावीकडे वळलो. आप्पांना पाहायचं होतं. चटईवर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा पूर्वेकडे तोंड करून बसला होता. त्याच्या डोळ्यांवर पट्टी नव्हती. उघडे होते दोन्ही, आणि माझ्याकडे वळले तरी माझ्यावर टेकत नव्हते.

मनोरमेने हळूच सांगितलं. पहिल्याच तपासणीत डॉक्टर त्यांना म्हणाले होते की तुमची नजर कायमची गेली, आता इलाज नाही. पुतण्याची बैलगाडी शिबिर उठल्यावर येणार होती, तोवर ते माझ्या शेजारी राहिले. आणि तिला त्यांनी हात जोडून सांगितलं होतं, "ताई, माझं ह्यांना कळू देऊ नका. धीर सोडतील."

आप्पांनी विचारलं, "दिसलं का वो?"

"दिसलं, आप्पा."

"मंग आता बघून सांगा. आज कसा आलाय?"

शाळेच्या कौलांवर सूर्य आला होता. साधाच, शिरूरचा. मी तो त्यांना सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि सूर्याला हात जोडले. मीही जोडले, माझ्या प्रभूला.

ज्याला काहीच दिसत नव्हतं त्याला त्या दुपारी माझं मनगट पहिल्याच झटक्यात कसं सापडलं, हे मी कोणाला विचारलं नाही. मी भांडून उत्तर मागितलं होतं आणि ते आलं होतं. रात्री गाडी हाकताना पुढचा रूळ मला कधी दिसला नाही. कुठल्या तरी केबिनमध्ये बसलेल्या, कधी न पाहिलेल्या माणसाने सिग्नल दिला की मी बेधडक जायचो. तेवढा भरवसा मी देवावर टाकला नव्हता.

जाड भिंगाचा चष्मा आला, इंजिन मात्र परत मिळालं नाही. पुढच्या वर्षीच्या पासावर आम्ही पुन्हा कन्याकुमारीला गेलो. पहाटे खडकावर गर्दी जमली, सगळे पाण्याकडे बघत होते. मी चष्मा काढून मनोरमेच्या हातात दिला आणि डोळे मिटून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने कपाळाला ऊब लागली.

"आला बघा," मी म्हणालो.