सैफुद्दीन मिस्त्रींचं सिमेंट

भिंतीचं वय विचारलं की सैफुद्दीन मिस्त्री दगडांच्या सांध्यातून चुन्याचा एक खडा नखानं उकरून काढत, जिभेवर ठेवत आणि डोळे मिटत. वाशीममधली एकही जुनी इमारत अशी नव्हती, जिची चव त्यांनी घेतली नव्हती.

"ह्यात गूळ लय हाय. बांधणाऱ्याचे दिवस सुखाचे असतीन," असं ते बालाजीच्या देवळामागच्या भिंतीपाशी म्हणत. मोहल्ल्यातल्या मशिदीच्या कमानीत त्यांना बेलफळाचा चिकटपणा लागे. इंग्रजांच्या वेळच्या कचेरीची वीट त्यांना जाड आणि अडाणी वाटायची. मेडशीच्या रस्त्यावरची जुनी वेस मात्र त्यांची लाडकी. "ह्या चुन्यात वाळू कमी चाळलेली हाय. घाईत बांधली. बाहेर कोणाची तरी फौज असंन. तरीबी दोनशे वर्सं उभी हाय, पाहा." ज्या मिस्त्र्यानं फौज समोर असताना कमान अशी बिनचूक वळवली, त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही, याचं त्यांना वाईट वाटे.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या जुलैत त्याच वेशीचा ताटाएवढा पोपडा सुटून खाली पडला. पडला तो शाळेत निघालेल्या एका सात वर्षांच्या मुलीपासून हातभर अंतरावर.

मुलीची आई अंजना अकोल्याच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. नवरा इंद्रभान पोस्टात. तिच्या वस्तीतली वीस-पंचवीस लेकरं रोज त्या कमानीखालून जात. तिनं त्याच दुपारी अर्ज लिहिला, घरोघर फिरून बायांच्या सह्या-अंगठे घेतले आणि नगरपालिकेत नेऊन दिला. वेस पाडा, एवढीच मागणी.

वॉर्डाचे मेंबर फुलचंद यांना ही मागणी आवडलीच. वेस गेली की ट्रक सरळ आत येणार होते. "जुन्या मिस्त्र्याचं मत घेऊन टाकू म्हणजे झालं," ते म्हणाले.

सैफुद्दीन मिस्त्री शिडी घेऊन आले, तेव्हा अंजना खाली उभीच होती. कमानीच्या खांद्यावरून एक भेग तिरपी खाली आली होती. मिस्त्रींनी ती बोटानं चाचपली. मग खाली उतरून त्यांनी पडलेला पोपडा उचलला. बाहेरची बाजू राखाडी, कडक. आतल्या बाजूला भिजलेल्या पिठासारखा चुना. त्यांनी तो जिभेवर ठेवला नाही. चव घ्यायची गरजच नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी हे सिमेंट त्यांनीच लावलं होतं. तेव्हा गावात सिमेंटची पोती नवलाईची होती. शहरातला पहिला सिमेंटवाला मिस्त्री म्हणून लोक त्यांना बोलावत, आणि ते फुशारले होते. ज्या वेशीवर एवढा जीव, तिला त्यांनी मोठ्या हौसेनं राखाडी अंगरखा चढवला. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटनं तिचं तोंड बांधून टाकलं. वरून मुरलेलं पाणी नऊ पावसाळे आतच कोंडलं.

"पाडायलेच पाह्यजे ना, चाचा?" अंजनानं विचारलं.

"आठ दिवस द्या, बाई. तवरोक लेकराइले तिकडच्या गल्लीतून न्या."

त्यांनी कमानीखाली बैलगाडी आडवी लावून वाट बंद केली. भेगेवर जागोजाग सिमेंट उकरून आतल्या दगडाला दगड जोडणाऱ्या, बोटभर रुंदीच्या चुन्याच्या पातळ पट्ट्या ओढल्या. भिंत केसभर हलली तरी अशी पट्टी तडकते. तडकली, तर वेस आतून मोडते आहे. नाही तडकली, तर वेस शाबूत आहे आणि फक्त वरची साल सुटते आहे.

घरी मेहरबीनं सगळं ऐकून घेतलं. चाळीस वर्षांचा संसार, नवऱ्याचा चेहरा तिला वाचता यायचा.

"पट्टी तडकी तो अच्छा," ती म्हणाली. "वेस गिरेगी, बात खतम. नहीं तडकी तो लोग पूछेंगे, ये सिमीट किसने लगाया."

"हौ."

"फिर इस उमर में काहे को नाम खराब करते?"

दुसऱ्या दिवशी शिडी चढताना आपण पट्टी तडकलेली असावी अशी इच्छा करतो आहोत, हे मिस्त्रींच्या ध्यानात आलं, आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

पाऊस पाच दिवस लागून राहिला. आठव्या दिवशी वेशीपुढे माणसं जमली. पट्ट्या सहा. साऱ्या अखंड.

"वेस मजबूत हाय," मिस्त्री म्हणाले. "पाडाचं काम नाही. सिमीट काहाडा, चुना भरा."

"मजबूत हाय तं पडून कायले राह्यली?" फुलचंद हसले. "का तिले शाळेतले लेकरं पसंत नाहीत?"

लोकही हसले. मिस्त्रींनी ते हसू संपू दिलं.

"सिमीट चुन्यावर लावाचंच नसते. ते म्या लावलं. पासष्ट साली. माह्याच हातानं."

मग फुलचंद म्हणाले, "वा मिस्त्री. रोग तुमचा अन् डॉक्टरबी तुमीच?"

अंजना पुढं आली. तिचा आवाज चढला नव्हता. "चाचा, माह्या पोरीचं डोकं थोडक्यात वाचलं. तवाबी तुमी म्हणले असान, पक्कं काम हाय. मंग आता तुमच्यावर भरवसा काहून ठेवू?"

"नका ठेवू," मिस्त्री म्हणाले. "पट्ट्याइवर ठेवा. शिडी हाय. चढा, हात लावून पाहा."

अंजनानं पदर खोचला आणि ती चढली. बाया तोंडाला पदर लावून पाहत राहिल्या. तिनं सहाही पट्ट्यांवरून नख फिरवलं, एकेक करून, सावकाश. खाली आली तेव्हा तिच्या बोटांना चुना लागला होता.

"अर्ज मी मागं घेत नाही," ती फुलचंदना म्हणाली. "दिवाळीवर नेते. तवरोक मिस्त्रीनं काम करावं. मी दर आठवड्याले चढून पाहीन. एक पट्टी तडकली का वेस पाडा."

मिस्त्रींनी चुन्याची घाणी पुन्हा जोडली. बैल फिरवला, गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर घातला, चुना लोण्यासारखा होईपर्यंत दळला. सिमेंट त्यांनी एका छिन्नीनं, खपली काढावी तसं हळूहळू काढलं. घाई केली तर दगड दुखावला असता. साठी उलटलेला माणूस चार महिने परांचीवर होता. अंजना सोमवारी शिडी चढायची, तेव्हा ते बाजूला होत आणि काही सांगत नसत.

दिवाळीनंतरच्या सोमवारी ती खाली उतरली आणि म्हणाली, "उद्यापासून पोरीले इकूनच पाठवते." मिस्त्रींनी कमानीखालची बैलगाडी बाजूला ओढली.

त्यांना आता विसावा मिळेल असं मेहरबीला वाटलं. पण त्या सोमवारी जेवणं झाल्यावर त्यांनी टोपी घातली.

"अब कहाँ?"

सिमेंटच्या दिवसांत त्यांनी आणखी तीन ठिकाणी हात चालवला होता. एक विहीर, एक धर्मशाळा आणि एक देवळाची ओवरी. तिथून कुणाचीच तक्रार आलेली नव्हती. साल अजून सुटायची होती.

धर्मशाळेच्या दाराशी मोतीबाई गहू निवडत बसल्या होत्या. वहिवाट त्यांच्याकडं होती. मिस्त्रींना पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"या मिस्त्री. आज इकडं कसे?"

"बाई," मिस्त्री म्हणाले, "तुमच्या मागच्या भिंतीवरचं सिमीट माह्यं हाय. ते काहाडाले आलो."