जंपर लावल्यावर अलार्म गेला

ही वही कधी कोणाच्या हाती लागली तर आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला जमत नाही. माफ करा. शाळा चौथीपर्यंतच झाली, अमडापूरला. पण हे दुसऱ्या कोणाकडून लिहून घेण्यासारखं नाही.

दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलीचं वर्कशॉप उघडलं. कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशीन चालू केली आणि पडद्यावर लाल अलार्म आला. मशीन जागची हलेना. मी तिथे झाडूकाम करायचे. मालकाचा मेहुणा सगळा कारभार पाहायचा, त्याला आम्ही भाऊ म्हणायचो. त्याने मला बोलावलं. दहा-बारा माणसं गोळा झालेली. बाई मी एकटी.

"हिनं ओल्या फडक्यानं पुसली," भाऊ सगळ्यांना म्हणाला. "चौथी शिकलेली बाई अन् लाखोची मशीन. ह्या लोकाइले जवळ येऊ दिलं की असंच होते."

ह्या लोकाइले म्हणजे आम्हा बौद्धांना. ते सगळ्यांना कळलं.

मग त्याने तेलाने माखलेलं फडकं उचललं, माझ्या डोक्यावर ठेवलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत शेडच्या दारात उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिले. तेल पदरात उतरलं, मग मानेवर. पाणी प्यायला जाणारा प्रत्येक माणूस माझ्या अंगावरून गेला. एकजण म्हणाला, "मावशी, आता मशीनले विचारूनच फडकं मारत जा." बाकीचे हसले. ज्याच्या डब्यातली भाजी मी कधी कधी खाल्ली होती, तोही हसला.

ओल्या फडक्याचं ते खोटं होतं. मशीन बसवायला पुण्याचा इंजिनियर आला होता, त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हिला पाणी लावायचं नाही. दोन वर्षं मी कोरड्याच फडक्याने पुसत होते. हे मला सांगता आलं असतं. पण चार माणसांत माझी जीभ टाळूला चिकटते. लहानपणापासून.

पगाराच्या दिवशी मालकाने तिसरा हिस्सा कापला. दुरुस्तीचा खर्च फिटेपर्यंत दर महिन्याला कापीन म्हणाला. मालक कधी ओरडत नसे. हळू आवाजात कापत असे.

गावातल्या इलेक्ट्रिशियनने गरम हवा मारून मशीन चालू केली होती. एक दिवस चाले, दोन दिवस अलार्म. असे तीन पगार कापले गेले. संक्रांतीनंतर ती कायमची थांबली. तेव्हा पुण्याहून तोच इंजिनियर बोलावला.

त्याला उजेडासाठी बॅटरी धरायला माणूस पाहिजे होता. लोखंड कातणाऱ्या लेथवरची माणसं कामात होती. भाऊने मला पुढे केलं आणि वर म्हणाला, "कशाले हात लावू नको."

मशीनचं डोकं वरखाली करणारी एक मोटर असते, अगदी वर बसवलेली. अलार्म तिचा होता. मोटर चालवणारा ड्राइव्ह मशीनच्या मागच्या कपाटात. दोष ड्राइव्हमध्ये की बाहेर, हे आधी शोधायचं होतं. इंजिनियरने डोक्याखाली लाकडी ठोकळा लावला, नाहीतर ते घसरून खाली येतं. मेन स्विच बंद केला. ड्राइव्हला मोटरकडून येणारी केबल उपटली आणि तिच्या जागी पिशवीतला एक छोटा प्लग खोचला. अंगठ्याएवढा. त्यातून बाहेर कुठेच वायर जात नव्हती. एका पिनेची तार वळून दुसऱ्या पिनेत गेलेली. ह्याला जंपर म्हणतात, तो भाऊला सांगत होता. हा लावला की ड्राइव्हला वाटतं बाहेर सगळं ठीक आहे. तरीही अलार्म आला तर दोष ड्राइव्हचा. गेला तर केबलचा नाहीतर मोटरचा.

स्विच चालू केला. अलार्म गेला.

जंपर काढून केबल परत लावली. अलार्म आला. पुन्हा जंपर. गेला.

केबल तपासली, चांगली निघाली. मग तो शिडीवर चढला. मी खालच्या पायरीवर, बॅटरी वर धरून. मोटरचा प्लग त्याने फिरवून काढला. रबर फाटलेलं होतं. आत सगळं लाल. पिनांवर वाळून घट्ट झालेला लाल थर, त्यात नारळाच्या शेंडीचा एक धागा आणि तांदळाचा दाणा.

मला सगळं समोर दिसलं. खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली तेव्हा मला उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. प्रसाद कागदावर ठेवून पायाने पुढे सरकवला होता. तिथूनच मी पाहिलं होतं. भाऊने नारळ फोडून पाणी मशीनच्या डोक्यावर ओतलं आणि मूठभर कुंकू-अक्षता टाकल्या.

भाऊनेही वर पाहिलं. त्यालाही कळलं. तो म्हणाला, "साहेब, रिपोर्टात लिहा, साफसफाईत पाणी गेलं." इंजिनियर म्हणाला, बरं. आणि प्लग पुसायला त्याने खिशातून फडकं काढलं.

"पुसू नका," मी म्हणाले.

आधी एवढंच आलं. मग पुढचं आलं.

"मी पाणी लावलं असतं तं ते लाल काऊन असतं? हे कुंकू आहे. पूजेच्या दिवशी तुम्ही मले बाहेर ठेवलं होतं. हे माह्या हातचं नाही."

"देवाच्या कामाले नावं ठेवते का वं?" भाऊ म्हणाला.

"देवाले नाही. तुमाले ठेवून राह्यली."

लेथ एकेक करून बंद झाले. कोणी हसलं नाही. इंजिनियरने फडकं परत खिशात घातलं आणि तो खाली उतरला. मी शिडीवर चढले आणि त्या प्लगवर बॅटरी धरून उभी राहिले. मालक येईपर्यंत हलले नाही.  

मालकाने पाहिलं. म्हणाला, झालं ते झालं, आता पुढचं कापणार नाही. मी मागचं विचारलं. तो म्हणाला, पाहू.

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर गेले आणि झाडूला हात लावला नाही. भिंतीपाशी बसून राहिले. लोखंडाचा कीस साचत गेला. तो उचलायला एकही माणूस वाकला नाही, कारण ते काम आमचं, त्यांचं नाही. चौथ्या दिवशी लेथपाशी पाय ठेवायला जागा नव्हती. त्या किसाने भाऊची चप्पल फाटली. तेव्हा मालकाने ऑफिसात बोलावलं.

टेबलावर पैसे होते आणि एक पावती. मी अक्षर लावून लावून वाचली. 'मदत म्हणून दिले.' मालकाला वाटलं होतं मी नुसती सही करीन. मी पावती मागे सरकवली.

"मदत नाही, मालक. माहा पगार आहे."

 मग दुसरी पावती झाली. 'पगारातून चुकीने कापलेले पैसे परत.' मी सही केली. मालकाने विचारलं, झालं का समाधान?  समाधान झालेलं नाही. माफही केलेलं नाही, करणार नाही. खोटं मी तीन महिने अंगावर वागवलं, तेवढी चूक माझी. यापुढे एक दिवसही वागवणार नाही.

तिन्ही महिन्यांचे पैसे मी त्याच्यासमोर मोजले. पूर्ण होते.