कारभारीचं नाव टाकू का?

मोताळ्याचे भाऊराव आमच्या भागातल्या निधन वार्ता लिहितात. कोणाच्या घरी माणूस गेलं की आधी नातेवाइकांना फोन जातो, मग भाऊरावांना. दुसऱ्या दिवशी बातमी बुलढाण्याच्या पेपरात. पण या माणसाचा कोणावर म्हणून विश्वास नाही. दुधाचा वास घेतल्याशिवाय चहा ठेवू देत नाहीत. मी तीस वर्षांपासूनचा शेजारी, तरी माझ्या मोटरसायकलवर बसण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून पाहतात. मला राग येतो, पण सांगणार कोणाला?

एकदा त्यांनी एका म्हाताऱ्याच्या बातमीत थोरल्या मुलाचं नाव छापलं आणि तो मुलगा बापाच्या मातीलाच आला नाही. गावभर चर्चा झाली. तेव्हापासून भाऊरावांचा नियम, 'त्यांच्या पश्चात'मध्ये नाव त्याचंच, जो नक्की येणार. रडणाऱ्या घरात विचारतात, "येनार आहे ना तो? पक्कं सांगा."

यंदा सत्तरी लागली आणि नवी शंका निघाली. आपण गेल्यावर मुलगा 'मनमिळाऊ स्वभावाचे' छापून आणेल आणि मोताळा हसेल. म्हणून स्वतःची बातमी स्वतःच लिहायला बसले. मनमिळाऊ लिहिलं नाही, एवढा प्रामाणिक माणूस आहे. पश्चात पत्नी, मुलगा, सून, नातू. तिथे पेन अडलं. धाकटा भाऊ कारभारी गावी शेती करतो. त्याने शेताचा धुरा, म्हणजे बांध, भाऊरावांच्या बाजूला सरकवून त्यांची जमीन दाबली, या संशयावरून अकरा वर्षं बोलणं बंद. घरातल्या कोणी त्याला फोनही करायचा नाही.

"धुरा मोजून पाह्यला होता काय तुम्ही?" बायकोने, सत्यभामाबाईंनी विचारलं.

"मोजाले कायले पाह्यजे? दिसते ना."

"मंग हेबी घरी बसूनच ठरवा, तो येते का नाही ते."

हे मात्र त्यांना लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेक तपासून ते माझ्या मागे बसले.

गावी पोचलो तेव्हा कारभारी घराच्या ओट्यावरच होता. भाऊराव उतरले, रामराम नाही की काही नाही.

"मी मेलो त मातीले येशीन काय बे?"

कारभारीने आधी माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टरनं काही सांगतलं काय?"

"नाही. बातमीत नाव टाकाचं आहे. पक्कं सांग."

"मले कोन सांगनार, दादा? तुह्या घरून फोन येत नाही. म्हनून रोज पेपर घेतो. पह्यले तेच पान पाह्यतो."

भाऊरावांचे डोळे बारीक झाले. "माह्या मरनाची वाट पाह्यतं?"

"नाव दिसलं नाही, की मंग चहा पितो."

मला तिथे उभं राहवेना. मी उगाच गाडीचं हँडल पुसत बसलो.

"आज पेला काय चहा?" भाऊरावांनी विचारलं.

"पेपरची गाडी आली नाही अजून."

भाऊराव त्याच्या शेजारी ओट्यावर टेकले.

"मी दिसून राह्यलो ना तुले? चहा मांडाले सांग मंग," ते म्हणाले. "दूध आजचं आहे ना?"