ड्रम घासला म्हणालो होतो

हे मी कुणालाच बोललेलो न्हाई. बायकोला न्हाई, भावाला तर बिलकुलच न्हाई. तुम्ही माझ्या गावचे न्हाईत म्हणून तुमच्यापाशी तोंड उघडून राह्यलो — बघा, सुरुवातच भित्रेपणाची झाली.

टेंभुर्णीच्या अलीकडं आमचं शेत. दोघा भावांचं लागून लागून, पंप नि ड्रम दोघांत एकच. काही वर्षांमागं मक्यावर लष्करी अळीनं उच्छाद मांडला होता. पोंग्यात, म्हंजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, शिरून बसायची, वरून किती फवारा, आत भुस्सा पाडतच राहायची. त्या साली माझी वहिनी, सुमनवहिनी, बचत गटाच्या बायकांसोबत शिकायला गेल्ती. येताना मित्रबुरशी करायचं शिकून आली. ही बुरशी अळीच्या अंगावर उगवते, अळी खडूसारखी ताठ होऊन मरते, पिकाला काही होत न्हाई.

मागची खोली तिनं धुऊन-पुसून लख्ख केली. तांदूळ अर्धवट शिजवायचा, पिशव्यांत भरून वाफवायचा, त्यात बुरशीचं विरजण सोडायचं. मंग वाट बघायची. भातावर हिरवी भुकटी धरली त्या दिवशी ती घरभर पिशवी दाखवत फिरली. मी म्हणालो, "आमच्याकडं शिळ्या भाताला बुरशी फुकट येती, वहिनी!" गावभर चाललं हे वाक्य. माझंच.

आता दिरानं वहिनीची चेष्टा करावी, त्यात काय एवढं? पण चेष्टाच होती का ती? बायका तिला मॅडम म्हणायला लागल्या होत्या. पिकाचं मला विचारणारी माणसं तिच्या ओट्यावर जाऊन बसत. मला ते टोचायचं — आता कबूल करायलाच बसलोय तर हेही घ्या.

ठरलं असं, की पहिला फवारा घरच्या मक्यावर. तिथं अळी मेली की मंग गटातल्या सगळ्याजणी वापरणार. भाऊ बाहेरगावी गेल्ता, म्हणून फवारणी माझ्यावर आली. ऊन उतरल्यावर वहिनी बांधावर आली. भुकटी पाण्यात कालवून, फडक्यानं गाळून, बादली स्वतः घेऊन आल्ती.

"भाऊजी, ड्रम नि पंप घासून घेतले ना बराबर? जिवंत अस्ती बरं का ही."

"घासले की."

घासले नव्हते. सकाळीच त्या ड्रमात मी मोसंबीसाठी औषध कालवलं होतं — बुरशीनाशक. हो, बुरशी मारायचंच औषध. वीतभर निळं पाणी तळाला तसंच होतं. विहिरीवरची लाईट गेल्ती, असं मी इथं सांगणार होतो. लाईट होती. मला कंटाळा आल्ता, बस. वहिनी वळली तशी मी तिची बादली त्या निळ्या पाण्यात ओतली, वरून पाणी भरलं आणि फवारून टाकलं. मला कळत नव्हतं का? उभा जन्म शेतीत गेला माझा. मनात एवढंच आलं — बघू की मॅडमची बुरशी काय करते ते.

दहाएक दिवसांनी बायका बघायला आल्या. वहिनी पुढं, एकेक पोंगा उलगडत. वळवळणारी अळी. पुढचा पोंगा, पुन्हा तेच. ती हसत हसत दुसऱ्या सरीत गेली, मंग तिसऱ्या. मंग हसणं थांबलं. कुणी टोमणा मारला न्हाई हो! "ऱ्हाऊ द्या सुमनबाई, उशीर झाला," एवढंच एकजण म्हणाली, आणि सगळ्या निघाल्या.

वहिनी म्हणाली, "माझ्याच हातून चुकलं. वाफ कमी पडली असंल."

तीन शब्दांचं काम होतं. ड्रम घासला नव्हता. मी तिच्या शेजारी उभा होतो, हाताच्या अंतरावर.

त्याच आठवड्यात तिनं उरलेल्या सगळ्या पिशव्या उकिरड्यावर रित्या केल्या. टोपली उचलू लागायला मीच गेलो. समजूत घातली, "जाऊ द्या वहिनी, आपलं काम न्हाई हे." हे बोलायला जीभ कशी रेटली माझी?

पुढल्या उन्हाळ्यात उकिरडा उपसत होतो. शेणखतात हुमणीच्या जाड अळ्या असतातच. फावड्याखाली निघाल्या त्या मेलेल्या होत्या. ताठ. अंगावर हिरवी भुकटी — तीच, मागच्या खोलीतली. म्हणजे वाफ कमी पडली नव्हती. काहीच कमी पडलं नव्हतं. वहिनी समोर हौदावर धुणं धूत होती, एक हाक मारली असती तर आली असती. मी त्या अळ्यांवर खत ओढलं आणि पायानं दाबलं.

ड्रमाच्या वेळी आळस होता, आकस होता. हे मात्र मी समजून-उमजून केलं.

मागच्या खोलीत आता मक्याची पोती असतात. गट शेवया करतो. वहिनी त्यात जाते, पण कुणी नवीन काही काढलं की म्हणते, "मला नका विचारू बाई, माझ्या हाताला यश न्हाई." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जेवणावरून उठलो. आता ऐकून घेतो.

यंदा तिनं दुकानातून तयार मित्रबुरशीचा पुडा आणला. मी ड्रम घासत होतो — आता तीन-तीनदा घासतो. तिनं पुडा फोडला, चिमूटभर भुकटी तळहातावर घेतली, बोटानं चोळून बघितली.

"भाऊजी, रंग तर माझ्या भुकटीचाच आहे. मंग माझंच का न्हाई हो जमलं?"

"सगळ्यांच्याच हाताला जमतं असं न्हाई, वहिनी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, पटल्यासारखी. मी ड्रम घासत राह्यलो.