द्राक्षासवातली कोंबडी

तुमच्या घरात पहिल्यांदा कुकर लागला, तेव्हा कोण कोण पळालं होतं? खरं सांगा!

आम्ही जुन्या शेजारणी कुणाच्या हळदीकुंकवाला भेटलो की हा विषय निघतोच. एक म्हणते, "आमच्या सासूबाई देवघरात जाऊन बसल्या." दुसरी म्हणते, "आमचे हे तर चप्पल न घालताच खाली!" असल्या किश्शांचं माळ्यावरच्या बरण्यांसारखं असतं. एक काढायला हात घालावा, तर मागून आणखी चार निघतात. माझ्याकडच्या बऱ्याचशा बरण्या एकाच कुकरच्या आहेत, आणि तो कुकर आमचा नव्हताच.

डोंबिवलीला एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आमची तीन बिऱ्हाडं होती. एका टोकाला मी आणि माझे यजमान. मधल्या दोन खोल्यांत मालतीवहिनी, त्यांचे मिस्टर आणि सासरे, म्हणजे आप्पा. पलीकडच्या टोकाला गोदूताई आणि त्यांचे शिक्षक यजमान, नाना. मालतीवहिनी कायस्थांच्या, मासे-मटण रांधण्यात तरबेज. गोदूताईंकडे कांदासुद्धा चातुर्मासात बंद. पण दोघींचं मेतकूट असं की एकीच्या घरी फोडणी पडली की दुसरी दारात हजर.

त्या वर्षी आप्पा टायफॉइडमधून उठले. म्हणजे उठले असं आपलं म्हणायचं. ताप गेला, पण माणूस खुर्चीतून हलेना आणि अन्नाला शिवेना. आयुष्य रेल्वेच्या इंजिनांवर काढलेला, भाकरी आणि झणझणीत रस्सा खाऊन ढेकर देणारा गडी! धोतर कमरेवर ठरेना इतका वाळला. डॉक्टरांनी सांगितलं, "कोंबडी द्या, अंगात ताकद येईल. पण तेल, तिखट, खोबऱ्याचं वाटण, काही नको."

वहिनींनी पांढरं सूप करून दिलं. आप्पांनी वाटीत डोकावून पाहिलं आणि वाटी बाजूला सारली.

"सूनबाई, ही कोंबडी कापलेली नाही. ही विहिरीत पडून गेलेली दिसते!"

वहिनी माझ्याकडे येऊन पदराने डोळे टिपायच्या. डॉक्टर त्यांना जिन्यात गाठून म्हणाले होते, "पोटात काही जाणार नसेल, तर मी औषधं देऊन काय करू?"

* * *

तेवढ्यात वसंतभाऊजी सुट्टीवर आले. हे मालतीवहिनींचे धाकटे दीर, बोटीवर नोकरीला. येताना फ्रान्सच्या एका बंदरातून त्यांनी एक जाडजूड, चकचकीत भांडं आणलं. वर घट्ट आवळायचं झाकण, झाकणावर एक वजन.

"वहिनी, यात तासांचं काम मिनिटांत होतं. प्रेशर कुकर!"

आम्ही सगळ्या गोल करून उभ्या. हात लावायला कुणी तयार नाही. शेवटी गोदूताई पुढे झाल्या आणि त्यांनी कुकरला हळदकुंकू वाहिलं.

नाना म्हणाले, "अगं, ते भांडं आहे, देव नाही."

"देवाची भीती नसते वाटत हो," गोदूताई म्हणाल्या, "याची वाटतेय!"

* * *

मुहूर्त कशाचा करायचा, यावर खल झाला. वहिनींच्या मनात अर्थातच कोंबडी. पण गोदूताईंनी हळूच विषय काढला.

"मालती, एकदा कोंबडी शिजली की ते भांडं मला मेलं. आधी माझं वरण लावू या का? नव्या भांड्यात पहिलं वरणच बरं दिसतं."

वहिनी स्वभावाने गरीब. हो म्हणाल्या. स्टोव्हवर कुकर चढला, तुरीची डाळ आत, आम्ही चौघी-पाचजणी बाहेर गॅलरीत. बराच वेळ काहीच नाही. मग आतून जी किंकाळी आली म्हणता! नाना अंघोळ करत होते, ते अंगाला साबण तसाच ठेवून पंचावर बाहेर! भाऊजी नेमके केस कापायला गेलेले. मी जिन्याच्या चार पायऱ्या उतरून उभी.

आणि आतल्या खोलीतून आप्पांचा आवाज आला. कित्येक दिवसांत इतका मोठा आवाज आम्ही ऐकला नव्हता.

"पळताय काय? सेफ्टी व्हॉल्व्ह आहे तो! उडाला नाही तर पळा!"

* * *

वरण लोण्यासारखं शिजलं, आणि तिथेच घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी गोदूताई हरभरे घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी राजमा. मग म्हणे चतुर्थी आहे, मोदकांची उकड यात होते का बघू. मग म्हणे बहिणीकडचे पाहुणे येणार. कोंबडी आपली रोज एक दिवस पुढे!

माझे यजमान म्हणाले, "गोदूताईंनी कोंबड्यांना अभय दिलंय."

वहिनी तोंडाने काही बोलत नव्हत्या. पण एक दिवस गोदूताई वाल भिजवून घेऊन आल्या, तेव्हा आप्पा खुर्चीतच मान टाकून झोपले होते आणि सदऱ्याच्या गळ्यातून त्यांची हाडं दिसत होती. गोदूताई दारातच थबकल्या. मग वालाचं पातेलं पदराखाली झाकून म्हणाल्या, "मालती, आता कोंबडीच लाव. माझं वरण आजवर पातेल्यात शिजतच होतं की!"

* * *

आता कोंबडी कशी करायची? भाऊजींनी फ्रान्समध्ये एका बाईंकडे खाल्ली होती. तेल जवळजवळ नाही, तिखट नाही, तरी बोटं चाटत राहावं अशी. पूर्वी म्हणे ती अर्धा दिवस मंद विस्तवावर ठेवायचे, या बाई कुकरमध्ये झटपट करायच्या. भाऊजी बोटीवर परत जाण्याआधी आम्ही तिघींनी त्यांना समोर बसवून सगळं ऐकून घेतलं. लिहून घ्यायची गरजच काय, तीन तीन जणी ऐकतोय!

भाऊजींची गाडी सुटली आणि आम्ही घरी येऊन उजळणी केली. वहिनी म्हणाल्या, "आधी कांदे परतायचे." मी म्हणाले, "आधी कोंबडी." गोदूताई, ज्यांनी जन्मात कोंबडी शिजवली नाही, त्या म्हणाल्या, "दोघी चुकताय. आधी गाजर!"

अळंबी घालायची होती. त्यावर गोदूताईंनी कपाळाला हात लावला. "कुत्र्याच्या छत्र्या? आजारी माणसाला? त्यापेक्षा नवलकोल घाल." नवलकोल ठरला. तिकडचा कसलासा सुगंधी पाला हवा होता, त्याच्याऐवजी गोदूताईंच्या डब्यातल्या रोपाची ओव्याची पानं ठरली.

राहता राहिली तांबडी वाइन.

दारूबंदीचे दिवस होते. माझे यजमान ठाण्याच्या कचेरीत कारकून. त्यांनी उठून आधी खिडकी लावली. "तो शब्द या घरात पुन्हा काढायचा नाही!"

"पण द्राक्षांचाच रस ना तो?" गोदूताई म्हणाल्या. "मग द्राक्षासव घाला की! तेही द्राक्षांचंच, तेही मुरलेलं, आणि वर औषधी!"

* * *

द्राक्षासव आणायला मला कल्याणला पाठवलं. का, तर माझा चेहरा बघून कुणाला संशय येत नाही! वैद्यबुवांच्या दुकानात गर्दी. मी मोठी बाटली मागितली.

"अशक्तपणा कुणाला आहे?"

"आमच्या शेजारच्या आप्पांना. टायफॉइड झाला होता."

"मग छोटी बाटली पुरेल. मोठी कशाला?"

मला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. घाम फुटतो. मी मान खाली घालून म्हणाले, "आप्पा नाही घेणार. कोंबडीला द्यायचंय."

वैद्यबुवांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडे नीट बघितलं, मोठी बाटली कागदात गुंडाळली आणि पेशंटला सांगतात त्याच सुरात म्हणाले, "जेवणानंतर दोन चमचे. कोमट पाण्यातून."

* * *

कोंबडी आणून द्यायची एक आगरी बाई, आंबिवलीकडची. बाई मोठी फटकळ. वहिनींनी तिला सांगितलं, "आजीबाई, या वेळी कातडी काढून साफ करून दे. चरबी अजिबात नको."

तिने टोपली खाली ठेवली आणि कमरेवर हात घेतले.

"कातरी कारलीस, चरबी कारलीस, त मंग ऱ्हायला काय गो बाय? पिसा शिजवाची काय?"

वहिनींनी समजावलं की घरात आजारी माणूस आहे, फ्रान्सच्या पद्धतीने करायची आहे.

"त्या गावान कोंबऱ्या आजारी परतात वाटतं," असं म्हणून ती कातडी काढायला बसली.

* * *

आणि तो दिवस उजाडला. रविवार होता. वहिनींनी थोड्याशा तुपावर छोटे कांदे परतले, कोंबडी परतली, गाजर आणि नवलकोल घातले, गोदूताईंच्या समाधानासाठी थोडं गाजर आधीही घातलं. तमालपत्र, ओव्याची पानं. मग द्राक्षासव. किती घालायचं हे भाऊजींनी सांगितलं होतं, पण तिघींना तीन वेगवेगळी मापं आठवत होती. वहिनींनी तिघींचा मान राखला.

कुकर गच्च भरला. झाकण आवळलं.

गोदूताई गॅलरीत, नाकाला पदर लावून, पण मान स्वयंपाकघराच्या खिडकीत. "वास कसा येतोय गं? मला कळत नाही, मी नाक धरलंय!"

वास खरोखर निराळाच होता. गोडसर, आंबटसर, मध्येच ओव्याचा. मी मागे वळून बघते तो आप्पा! खुर्ची ओढत ओढत स्वयंपाकघराच्या दारात आले होते. धापा टाकत बसले आणि कुकरकडे बघायला लागले.

वहिनींनी मला कोपराने ढोसलं.

"स्टोव्ह मोठा आहे," आप्पा म्हणाले. "कमी करा."

वहिनींनी कमी केला.

"आता स्टीम धरलीय. बघा, वजन नाचतंय. असंच राहू दे."

थोड्या वेळाने वहिनींनी स्टोव्ह बंद केला. भाऊजींनी बजावलं होतं की आता भांडं निवू द्यायचं, झाकणाला हात लावायचा नाही. वहिनींनी तसं सांगितलं.

"कोण म्हणतो?"

"वसंतभाऊजी म्हणाले."

"वश्या? वश्या बोटीवर आहे. बोटीला पाणी लागतं. वाफेवर मी आयुष्य काढलंय!" आप्पांनी गुडघ्यांवर हात टेकले. "आग काढली म्हणून बॉयलर थंड होत नाही. आधी वाफ मोकळी करायची, मग पुढचं. द्या ती सांडशी इकडे."

"आप्पा, तुम्ही उठू नका," वहिनी काकुळतीला आल्या.

"सूनबाई, सांडशी!"

आप्पा उठले. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले, मग खुर्ची सोडली. दोन पावलं आपली आपण चालले. गोदूताई खिडकीतून ओरडल्या, "आप्पा, रामाचं नाव घ्या!" आणि आप्पांनी सांडशीने ते वजन उचललं.

वाफ आली नाही. रस्सा आला!

तांबूस काळ्या रश्श्याचा फवारा सुर्रकन सरळ छताला भिडला आणि तिथून पावसासारखा खाली! दोन दिवसांपूर्वी दिलेला चुना, वहिनींचं लुगडं, माझी वेणी, आप्पांचा पांढरा सदरा, सगळं द्राक्षासवात न्हालं. मी मोरीत शिरले. गोदूताईंनी गॅलरीत बसकण मारली आणि नाक सोडून कान धरले.

फवारा थांबला. छतावरून थेंब टपकत होते. आप्पा सांडशी हातात घेऊन तसेच उभे, टक्कल चमकतंय, मिशांतून रस्सा ओघळतोय. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी खटपट, एवढे दिवस, आणि आता आप्पा चिडून पुन्हा खोलीत जाणार, ते कायमचेच.

आप्पांनी जीभ बाहेर काढली. मिशीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवली. छताकडे बघितलं. पुन्हा एकदा फिरवली.

"सूनबाई," ते म्हणाले, "मीठ कमी आहे."

वहिनी जागच्या हलेनात. मीच धावत जाऊन मिठाची बरणी आणली.

"आणि पान वाढा. उभ्याने काय चव कळते? भाकरी आहे का?"

भाकरी नव्हती. आजारी माणसासाठी मऊ भात टाकला होता. गोदूताई गॅलरीतून उठल्या, घरात गेल्या आणि नानांच्या ताटातली ज्वारीची गरम भाकरी उचलून घेऊन आल्या. वहिनींच्या उंबऱ्याबाहेरून, तोंड दुसरीकडे वळवून, त्यांनी ती आप्पांच्या ताटात टाकली.

आप्पा जेवले. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग म्हणाले, "फ्रान्सची माणसं बरी असावीत. पण त्यांना स्टीम कळत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा कुणाला न सांगता जिना उतरले, बाजारात गेले आणि काखेत एक जिवंत कोंबडी घेऊन परत आले.