पाँ द्यू गारला बाबांनी ऐकलेलं पाणी

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचतो आणि हसतो. घरात कुणी 'नजर लागली' म्हणालं तरी मी थर्मामीटर शोधायला जाणारा माणूस. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण झालं ते असं.

आम्ही सिंगापूरला सिमेईत राहतो. मी, बायको स्मिता, नऊ वर्षांची ओवी आणि माझे वडील. बाबा नगर जिल्ह्यात कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे दारं उघडून शेतांना पाळीपाळीनं पाणी देणारे. आता वय एक्याऐंशी. कानाला मशीन लागतं. ते नसलं की शेजारी ढोल वाजवा, पत्ता लागत नाही. त्यात गेल्या वर्षापासून विसरायला लागलेत. दोनदा ब्लॉक चुकून परक्याच्या दाराची बेल वाजवत उभे राहिले. आम्ही दोघंही नोकरीला. शेवटी ठरवलं, डिसेंबरात त्यांचा इथे राहण्याचा पास संपला की रिन्यू करायचा नाही. पुण्यातल्या एका वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली. बाबांना सांगायचं धैर्य मात्र होत नव्हतं. बहुधा म्हणूनच सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्टीत त्यांना घेऊन फ्रान्सला गेलो.

आव्हिन्योंला भाड्याची गाडी घेतली आणि एका दिवसात पाँ द्यू गार पाहून यायचं ठरवलं. रोमन लोकांनी बांधलेला तीन मजली कमानींचा पूल. नदी खालून वाहते आणि सगळ्यात वरून पाट जायचा. 'पुलावरून पाट' ऐकल्यावर बाबा सगळ्यांच्या आधी बूट घालून तयार. आणि नेमकं मशीन हॉटेलात चार्जरवर राहिलं! अर्ध्या वाटेत कळलं, पण मी काही परत फिरलो नाही. उजव्या बाजूनं गाडी चालवताना आधीच माझी फे फे उडाली होती.

साडेअकराला पोचलो. लख्ख ऊन, नदी जेमतेम गुडघाभर. ओवी पाण्यातून चालत मधल्या गोट्यांच्या बेटावर जाऊन बसली. बाबा एका कमानीच्या पायाशी, दगडावर तळहात टेकवून उभे. बराच वेळ तसेच. मग माझ्याकडे वळले.

"पाणी सुटलंय. पोरीला बाहेर काढ."

मी खुणेनं सांगितलं, वरचा पाट कोरडा आहे, शेकडो वर्षं.

"मला ऐकू येतंय ना. अर्धा तास आहे हातात. काढ तिला."

स्मितानं माझ्याकडे पाहिलं. दोघांच्या मनात एकच – आता हेही सुरू झालं. शिवाय सिंगापुरात बारा वर्षं काढली की एक खोड लागते. धोका असेल तर कुणीतरी बोर्ड लावलेला असणार, ही खात्री. बोर्ड होताही. फ्रेंचमध्ये होता, मी वाचला नव्हता.

पूर्वी कालव्याला पाळी सुटली की पाटकरी काठानं ओरडत जायचा. धुणं धुणाऱ्या बायांना, डुंबणाऱ्या पोरांना उठवायचा. बाबा अगदी तसेच काठानं निघाले. "पाणी आलं, उठा... उठा, पाणी आलं!" चक्क मराठीत. माणसं बघायला लागली. मला लाज वाटली, कबूल करतो. त्यांना गप्प करायचं म्हणून मी ओवीला हाक मारली.

"आजोबा सो ड्रामा, लाह. इथे पाणी फक्त नी-पर्यंत आहे," सिंगापुरी ढंगात कुरकुरत ती आली.

पंचवीस मिनिटांनी पाणी आलं. आधी गढूळ, मग फांद्या, मग ते बेट बघता बघता दिसेनासं झालं. इतर पाचसहा जण धावत काठावर आले. सुदैवाने कुणाला काही झालं नाही. वर डोंगरात जोराचा पाऊस झालाय, असं तिथल्या एका बाईंनी सांगितलं. मी ओवीला उचलून घेतलं होतं.

दगडातून कंपनं जाणवली असतील, असं नंतर आमचे डॉक्टर म्हणाले. मी तेही मान्य करून टाकलं असतं. पण परतीच्या वाटेवर ओवी झोपली होती, मशीन अजून हॉटेलातच होतं, आणि मागच्या सीटवरून बाबा म्हणाले,

"पुण्याच्या त्या खोलीला खिडकी आहे का रे? नसली तरी चालेल. ओवीला मात्र मी सांगेन, तुम्ही नका सांगू."

मी गाडी कडेला घेतली. त्या खोलीबद्दल आम्ही घरात कधी चकार शब्द काढला नव्हता. जे काही बोललो ते चांगी बिझनेस पार्कात, माझ्या ऑफिसखालच्या फूड कोर्टात, दोघंच. बाबा तिथे कधी गेलेलेही नाहीत.

पास रिन्यू केला. दिवसा सोबतीला एक बाई ठेवल्यात. बाबांना आता ती नदी आठवत नाही, विचारलं तर "कुठलं पाणी?" म्हणतात. मीही कारण शोधणं सोडलंय.

परवा दुपारी मशीन काढून ते टीव्हीसमोर बसले होते. मी मागे उभा राहून अगदी पुटपुटलो, "बाबा, चुकलो."

"असू दे," ते म्हणाले. मान वळवली नाही. मला म्हणाले की टीव्हीतल्या कुणाला, माहीत नाही.